रेस दिली तरी गाडी उशिरा का उचलते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांत तक्रार एकच होती, फक्त शब्द वेगवेगळे. मॅन्युअल गाडी आहे, ॲक्सिलरेटर दाबतोय, पण गाडी लगेच प्रतिसाद देत नाही. म्हणून सगळे प्रश्न एकत्रच घेतलेत. वाचायच्या आधी एकच सांगणं, पुढच्या वेळी गाडी चालवताना आरपीएम मीटरच्या काट्याकडे नीट बघा. पाय दाबल्यावर काटा उशिरा चढतो, की काटा चढतो पण गाडी पळत नाही, की ठरावीक आरपीएमच्या वर गेल्यावरच गाडी जागी होते, या तिन्हींची कारणं पूर्ण वेगळी आहेत आणि हे न बघताच पार्ट बदलत बसलं तर खर्च होतो आणि गाडी तशीच राहते.

प्रश्न : माझी १.२ लिटरची पेट्रोल मॅन्युअल गाडी आहे, टर्बो नाही, ६०,००० किलोमीटर झालेत. गेल्या काही महिन्यांपासून ॲक्सिलरेटर दाबला की आधी काहीच होत नाही आणि मग एकदम गाडी पुढे जाते, थांबलेली गाडी काढताना आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना जास्त जाणवतं. एअर फिल्टर बदलला, स्पार्क प्लग बदलले, काही फरक नाही. चेक इंजिन लाइट लागत नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात सगळ्या गाड्या अशाच असतात. काय करू?

उत्तर : सर्व्हिस सेंटरचं हे उत्तर ऐकून परत येऊ नका. तुम्ही स्वतःच लिहिलंय की आधी असं नव्हतं, म्हणजे काहीतरी बदललंय आणि जे बदललंय ते सापडतं.

आधी हे समजून घ्या की आजच्या बहुतेक गाड्यांत पेडल आणि इंजिन यांच्यात केबल नसते. पायाखाली सेन्सर असतो, तो ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) सांगतो की ड्रायव्हरला किती ताकद हवीये, मग ईसीयू बाकीची माहिती बघून थ्रॉटल बॉडीतल्या छोट्या मोटरला हुकूम देतो आणि ती मोटर हवेची झडप उघडते. म्हणजे तुमचा पाय आणि इंजिनात जाणारी हवा यांच्यात बरेच टप्पे आहेत आणि उशीर त्यातल्या कुठल्याही टप्प्यावर होऊ शकतो.

तुम्ही सांगितलेलं लक्षण, म्हणजे थोडं दाबलं तर काहीच नाही आणि मग एकदम झटका, हे वाचून माझा पहिला संशय थ्रॉटल बॉडीवर जातो. इंजिनच्या आतली तेलकट वाफ परत इनटेकमध्ये (हवा आत नेणाऱ्या मार्गात) सोडलेली असते, तिचा काळा चिकट थर हळूहळू झडपेच्या कडेला बसतो, नेमका तिथे जिथे झडप जवळजवळ बंद असताना टेकते. मग पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखं होतं, आधी हलत नाही आणि सुटलं की एकदम उघडतं. हळू चालवताना झडप जेमतेमच उघडी असते म्हणून त्रास तिथेच जाणवतो, हायवेला तीच गाडी ठणठणीत वाटते. आणि चेक इंजिन लाइट का लागत नाही, तर ईसीयू हा थर जमेला धरून झडप थोडी थोडी जास्त उघडत स्वतःला जुळवून घेत राहतो, त्याची मर्यादा ओलांडेपर्यंत तक्रार करत नाही.

फिल्टर बदलून फरक पडला नाही याचंही कारण आहे. पेट्रोल इंजिनात पाय अर्धवट दाबलेला असतो तेव्हा हवेला खरा अडथळा ती झडपच असते, त्यामुळे मळका फिल्टर कमी स्पीडला फारसा जाणवत नाही, तो जाणवतो पाय पूर्ण दाबल्यावर. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये याची तपासणी केली होती. फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत तुंबलेला फिल्टर बदलून मायलेजमध्ये फरक पडला नाही, पण पूर्ण ॲक्सिलरेशनला लागणारा वेळ साधारण ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. तेव्हा फिल्टर बदललात ते वाया गेलं नाही, फक्त तुमचा आजार तो नव्हता.

थ्रॉटल बॉडी साफ करताना दोन गोष्टी मेकॅनिकला आवर्जून सांगा, किंवा स्वतः करत असाल तर पाळा. एक, थ्रॉटल बॉडी क्लीनरच वापरायचा, कार्ब्युरेटर क्लीनर नाही, कारण बऱ्याच थ्रॉटल बॉडींना आतून बारीक कोटिंग असतं आणि कडक केमिकलने ते जातं. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, इग्निशन चालू असताना झडपेत बोट घालायचं नाही. मोटर झडप जोरात बंद करू शकते, बोटाला इजा होईल आणि आतले प्लॅस्टिकचे गिअरही तुटतील. इग्निशन बंद, कनेक्टर काढलेला, मऊ कापडावर क्लीनर घेऊन कडा पुसायच्या, आत फवारे मारत बसायचं नाही. साफ केल्यावर आयडलिंग (पाय न दाबता इंजिन चालू असतानाचा आरपीएम) काही वेळ वर राहील कारण ईसीयूला अजून जुना थरच आठवतोय, बऱ्याच गाड्यांत ते आपोआप बसतं, काहींत स्कॅनरने थ्रॉटल रिलर्न करावं लागतं, म्हणजे झडपेची स्थिती ईसीयूला नव्याने शिकवावी लागते. ती सोय आहे का हे काम सुरू करण्याआधीच विचारा.

त्याने सुधारलं नाही तर पेडलचा सेन्सर. साधा ओबीडी स्कॅनर (ईसीयूमधली माहिती वाचणारं यंत्र) लावा, इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करा, लाइव्ह डेटामध्ये पेडल पोझिशन उघडा आणि पाय अगदी हळू, एकसारखा दाबत न्या. टक्केवारी सलग चढली पाहिजे. मध्येच अडकली, उडी मारली, मागे आली, तर सेन्सर गेलाय. पेडलमध्ये मुद्दाम दोन सेन्सर ठेवलेले असतात आणि बऱ्याच गाड्यांत दुसऱ्याचं व्होल्टेज पहिल्याच्या निम्मं असतं, ईसीयू दोघांची तुलना करत राहतो. दोघांचा मेळ बसला नाही की पी २१३८ सारखा कोड (ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) येतो आणि गाडी ताकद कमी करते. पण सेन्सर नुकताच झिजायला लागला असेल तर कोड येण्याआधीही पेडल मंद वाटू शकतं, म्हणून कोड नाही म्हणजे सेन्सर चांगला असं समजू नका.

आणि एक जागा जी फार कमी लोक बघतात, ब्रेकचा आणि क्लचचा स्विच. २००९-१० मध्ये टोयोटाने फ्लोअर मॅटमध्ये अडकणाऱ्या आणि परत न येणाऱ्या पेडलमुळे लाखो गाड्या परत बोलावल्या, त्यानंतर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबले तर ब्रेकला प्राधान्य देऊन इंजिनची ताकद कमी करायची ही व्यवस्था गाड्यांत सर्रास आली. चांगलीच गोष्ट आहे, पण ब्रेक पेडलचा स्विच अडकला तर ईसीयूला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे. मागचे ब्रेक लाइट पाय काढल्यावरही लागलेले राहतात का, हे कुणाला तरी मागे उभं करून बघा, मिनिटाचं काम आहे. क्लचच्या स्विचचंही तसंच, क्लच सुटलाय हे ईसीयूला उशिरा कळलं तर गिअर टाकल्यानंतरचा प्रतिसाद उशिरा येतो. क्रूझ कंट्रोल असेल आणि ते अधूनमधून लागत नसेल तर या दोन स्विचांवर संशय घ्यायला भक्कम कारण आहे.

हो, आणि मॅट बघा. डबल मॅट टाकलेली असेल तर पेडल पूर्ण खाली जातच नाही. सगळ्यात आधी करायची गोष्ट आहे, शेवटी लिहिली एवढंच.

प्रश्न : नवीन टर्बो पेट्रोल घेतली, १ लिटर, तीन सिलिंडर. आधीची गाडी जुनी साधी पेट्रोल होती. नव्या गाडीत १,५०० आरपीएमच्या खाली पाय दाबला तर गाडी मेल्यासारखी वाटते आणि २,००० च्या आसपास एकदम ओढते. डिफेक्ट आहे का?

उत्तर : नाही, बहुतेक नाही. हा टर्बो लॅग आहे. टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो, आरपीएम कमी असताना तो वायू पुरेसा नसतो, त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत तुमच्या हातात फक्त लहानसं १ लिटरचं इंजिन असतं. तुमच्या आधीच्या गाडीत खालून थोडी थोडी ताकद मिळत होती, म्हणून फरक जास्त टोचतोय.

इथे बदलायचाय तो गिअर. गाडीचा स्पीड कमी झाला की एक गिअर खाली घ्या आणि मग पाय दाबा. चौथ्या गिअरमध्ये १,२०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबून गाडी घुरघुरत उचलायची सवय असेल तर ती आजच सोडा, कारण त्याने फक्त पिकअप जात नाही, डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त लोड असताना स्पार्कच्या आधीच मिश्रण पेट घेऊ शकतं आणि त्याचा दणका पिस्टनला बसतो. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरा असं या इंजिनांबाबत एवढं ठासून सांगतात त्यामागे हे एक कारण आहे.

डिफेक्ट कधी समजायचा? २,५०० च्या वरही गाडी ओढत नसेल, पाय दाबल्यावर बोनटखालून हवा सुटल्याचा फुसकारा येत असेल, तर टर्बो आणि इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) यांच्या मधला पाइप किंवा त्याचा क्लॅम्प बघायला सांगा. आणि इको मोड चालू नाही ना, ते बघा. इको मोडमध्ये पेडलचा पहिला अर्धा भाग मुद्दाम मऊ केलेला असतो.

प्रश्न : काटा वर जातो, आवाज वाढतो, पण गाडी त्या मानाने पळत नाही. चढावर तर फारच. मेकॅनिक म्हणतो थ्रॉटल साफ करू.

उत्तर : थांबवा त्याला. काटा चढतोय म्हणजे पेडल, सेन्सर, थ्रॉटल सगळे आपापलं काम करतायत, ताकद इंजिनातून निघतेय पण चाकापर्यंत पोचत नाही. हा क्लच घसरतोय. खात्री करायची तर मोकळ्या सपाट रस्त्यावर ४० ते ५० च्या स्पीडला चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबा. क्लच चांगला असेल तर काटा आणि स्पीड बरोबरीने हळूहळू वाढतील, घसरत असेल तर काटा आधी उडी मारेल आणि स्पीड मागून येईल. जळका वास आला तर प्रश्नच मिटला. केबलचा क्लच असेल तर आधी फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल) बघा, कधीकधी नुसतं ॲडजस्टमेंट फार घट्ट झालेलं असतं आणि प्लेट पूर्ण बसतच नाही. नाहीतर प्लेट बदलायची वेळ आलीये आणि ती लांबवली तर फ्लायव्हील, म्हणजे प्लेट ज्यावर टेकते ती इंजिनची चकतीही खराब होते. गाडी चालवताना डावा पाय क्लचवर ठेवायची सवय असेल तर ती मोडा, नाहीतर नवी प्लेटही तशीच जाईल.

प्रश्न : माझी गाडी जुनी आहे, केबलवाली. पेडल सुरुवातीला ढिलं लागतं.

उत्तर : तुमचं काम सगळ्यात सोपं. केबल वर्षानुवर्षं ताणली जाते, ढिली पडते. थ्रॉटलच्या टोकाला दोन नट असतात, त्यांनी ढिलाई काढता येते, पण पूर्ण काढू नका, दोनचार मिलिमीटर राहू द्या, नाहीतर झडप पूर्ण बंद होणार नाही आणि आयडलिंग वर राहील. मग एकाला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि बोनट उघडून बघा की झडप पूर्ण उघडते का. केबल आतून खरखरत असेल, पाय सोडल्यावर हळू परत येत असेल, तर तेल घालून वेळ मारून नेऊ नका, नवीन टाका.

चालत्या गाडीत पेडल अडकलंच तर, आणि हे केबल नसलेल्या गाड्यांनाही लागू आहे, क्लच दाबा, न्यूट्रल करा, ब्रेक लावून बाजूला घ्या, मग इंजिन बंद करा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. गाडी चालू असताना चावी फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेकची मदतही जाते.

प्रश्न : पेडलला लावायचं ते थ्रॉटल कंट्रोलरचं यंत्र घ्यावं का? मित्राच्या गाडीत लावलं तर गाडी एकदम वेगळीच वाटली.

उत्तर : वेगळी वाटते हे खरं आहे. ते यंत्र पेडलचा सेन्सर आणि वायरिंग यांच्यामध्ये बसतं आणि तुमचा संदेश मोठा करून पुढे पाठवतं, तुम्ही ३० टक्के दाबलं तर ईसीयूला ५० ऐकू येतं. पण पाय पूर्ण दाबलात तर यंत्र लावलेली आणि न लावलेली, दोन्ही गाड्या तेवढ्याच पळतात, कारण शंभराच्या वर काही नसतं. इंजिनची ताकद एका हॉर्सपॉवरने वाढत नाही, टर्बो लॅग जात नाही, घसरणारा क्लच दुरुस्त होत नाही.

ज्याची गाडी पूर्ण निरोगी आहे, पहिल्या दिवसापासून कंपनीने पेडल मऊ ठेवलंय आणि ते खटकतंय, त्याने विचार करायला हरकत नाही, वॉरंटीच्या अटी वाचून. पण ज्याची गाडी नंतर मंद झालीये त्याने हे लावणं मला अजिबात पटत नाही. आजार तसाच राहतो आणि तो वाढतोय हे कळायचंही बंद होतं. शिवाय मॅन्युअल गाडीत, ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला हे फार धक्के देतं, क्लच सोडताना पायाला जो बारीक कंट्रोल लागतो तोच जातो.

प्रश्न : गिअर बदलताना क्लच दाबला, पाय काढला, तरी काटा खाली यायला वेळ घेतो, दुसरा गिअर टाकताना गाडी धक्का खाते. ॲक्सिलरेटर अडकतोय का?

उत्तर : पेडल नीट वर येत असेल तर अडकत नाहीये. झडप एकदम बंद झाली तर पेट्रोल नीट जळत नाही आणि न जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये जातं, ते टाळण्यासाठी बऱ्याच गाड्यांत ईसीयू झडप मुद्दाम हळू बंद करतो. प्रदूषणाचे नियम कडक झाले तसं हे वाढत गेलं. गाडीत पहिल्यापासून असेल तर सवय करून घ्या, ॲक्सिलरेटरवरचा पाय क्लच दाबण्याच्या किंचित आधी काढा आणि गिअर घाईने टाकू नका. नव्याने सुरू झालं असेल तर वर सांगितलेला क्लच स्विच आणि इनटेकमधली हवेची गळती, हे दोन बघा.

प्रश्न : डिझेल गाडी, हायवेला अचानक ताकद गेली, ३,००० च्या वर काटा जाईना. बंद करून परत चालू केली तर ठीक. आठवड्यात परत तेच.

उत्तर : गाडी लिंप मोडमध्ये जातेय, म्हणजे ईसीयूला काहीतरी धोक्याचं दिसलं आणि इंजिन वाचवायला त्याने ताकद कापली. बंद-चालू केल्यावर गाडी सुधारली तरी कोड मेमरीत राहतो, तो पुसायच्या आधी वाचून लिहून ठेवा. पी ०२९९ असेल तर टर्बोचं प्रेशर कमी पडतंय, पाइप, व्हॅक्यूमच्या नळ्या, टर्बोचा ॲक्च्युएटर (त्याचं प्रेशर कमी-जास्त करणारा भाग) या क्रमाने बघा. याशिवाय डिझेल फिल्टर तुंबलेला असणं, ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने उघडा अडकणं आणि डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) भरणं ही नेहमीची कारणं. गाडी रोज चारपाच किलोमीटरच चालत असेल तर डीपीएफला स्वतःला जाळून साफ करायला लागणारी उष्णता मिळतच नाही, त्याचा दिवा लागला की मॅन्युअलमध्ये दिलंय तसं सलग, बऱ्या स्पीडला गाडी चालवा, दुर्लक्ष करू नका.

प्रश्न : डोंगराळ भागात गेलो की गाडी मंदावते, खाली आलो की बरी. साधी पेट्रोल.

उत्तर : हवा विरळ होते. दर १,००० मीटरला टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद अंदाजे १० टक्के कमी होते, म्हणजे २,००० मीटरवर पाचवा हिस्सा गेला. गाडीला काही झालेलं नाही, खालचा गिअर वापरा.

प्रश्न : बॅटरीचं टर्मिनल काढून ईसीयू रिसेट केला तर दोन दिवस गाडी मस्त चालते, मग परत मंद. दर आठवड्याला रिसेट केलं तर चालेल का?

उत्तर : नको. पण तुम्ही नकळत एक चांगली खूण शोधलीये. रिसेट केल्यावर ईसीयू इतके दिवस शिकलेली दुरुस्ती विसरतो आणि कोऱ्या आकड्यांनी सुरू करतो, मग दोन दिवसांत तोच दोष परत दिसतो आणि तो परत तीच दुरुस्ती करतो. म्हणजे दोष इंजिनात जाणाऱ्या हवेच्या किंवा इंधनाच्या मोजमापात असण्याची शक्यता मोठी आहे. दर वेळी रिसेट करून तुम्ही नेमका तोच पुरावा पुसताय.

आता रिसेट न करता आठवडाभर चालवा आणि मग स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनात कायम किती टक्के वाढ-घट करतोय तो आकडा बघा. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर साधारण ठीक. अधिक २० च्या आसपास असेल तर इंजिनला इंधन कमी पडतंय आणि ईसीयू वरून वाढवून देतोय. हा आकडा आयडलिंगला जास्त आणि २,५०० आरपीएमवर धरल्यावर कमी होत असेल तर इनटेकमध्ये कुठून तरी चोरून हवा शिरतेय, रबरी होज आणि गॅस्केट बघा. उलट आयडलिंगला ठीक आणि लोडवर वाढत असेल तर हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळलाय किंवा फ्युएल पंप कमी पडतोय. एमएएफ साफ करायचा तर त्याचाच स्प्रे वापरा आणि आतल्या बारीक तारेला हात किंवा कापूस लावू नका, ती लगेच तुटते. तुमच्या गाडीत एमएएफ नसून एमएपी सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) असेल तर तो काढून त्याच्या तोंडावरची काजळी बघा. आयडलिंगचे आणि २,५०० चे असे दोन्ही आकडे लिहून मेकॅनिककडे न्या, त्याचं निम्मं काम झालेलं असेल.